आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून टेबलाच्या खणात टाकलं असतं आणि "काही नाही हो त्यात" म्हणून विषय संपवला असता. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. रागवाल. रागवा.

माझी 'खुकरी', म्हणजे मी हाताने बनवलेली युद्धनौकेची प्रतिकृती, महाराष्ट्र दिनापासून तुमच्या वाचनालयात आहे, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. ती तिथे धड कशी राहिली, हे मला परवा कळलं. तेही तुमच्याकडून नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी मोटर वाइंडिंगवाला. तालुका समुद्रपूर, आणि समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सोमनाथच्या यात्रेत. तिथून आमची बस दीवला गेली. तिथे टेकाडावर काचेच्या घरात आयएनएस खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे, समोर समुद्र. ड्रायव्हर हॉर्न मारमारून थकला तरी माझा पाय निघेना. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवच्या समुद्रात हे जहाज बुडवलं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाज सोडलं नाही.

घरी आल्यावर कामाला लागलो. खरी खुकरी साडेचौऱ्याण्णव मीटर, माझी एकास शंभर मापाची, म्हणजे तेवढेच सेंटिमीटर. सांगाडा सागाच्या पट्ट्यांचा, डेक पातळ प्लाय आणि कार्डशीटचा, रेलिंगला शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरींमधली तांब्याची तार. (लो व्होल्टेजच्या कृपेने या मालाचा आमच्याकडे कधी तुटवडा पडणार नाही.) खालचा समुद्र रेझिनचा. तो पातळ थरांनी ओतावा लागतो, एकदम जाड ओतला की आतून तापतो आणि तडकतो. या मापात माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा होतो. पाण्यात उड्या घेणाऱ्यांच्या अंगावर जॅकेट रंगवली, ब्रिजवर, म्हणजे कॅप्टन जिथून जहाज चालवतो तिथे, उभ्या एकट्या माणसाच्या अंगावर नाही.

आता तुमच्याकडे येईपर्यंतची वरात. ती सांगितल्याशिवाय माझं पोट हलकं होणार नाही. एका ठिकाणी पाहुण्यांच्या स्वागताला म्हणून खुकरीची काचेची पेटी दारात मांडली आणि भाषणं लांबली तसे उतरवलेले हार तिच्यावरच टाकून दिले. एका शाळेने हौसेने मागून नेली, नंतर खेळाच्या खोलीत ठेवली. मी आणायला गेलो तेव्हा वर कॅरमबोर्ड होता आणि आत मास्ट, म्हणजे डोलकाठी, वाकलेला. एका सभागृहाच्या साहेबांनी तर पेटीकडे न पाहताच विचारलं, "टायटॅनिक ना? लाइटिंग लावा, पोरं सेल्फी काढतील." मी पेटी उचलली आणि घरी आलो. बायको म्हणाली, "राहू द्या आता पलंगाखाली."

तुम्ही मात्र पहिल्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलंत आणि विचारलंत, "यांनीच जॅकेट काहून नाही घातलं?" माझ्या घरातल्यांनीसुद्धा तोवर हे विचारलं नव्हतं.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र कूलरसाठी आहे.

परवा पुस्तक बदलायला आलो, तुम्ही जेवायला गेला होता. शिपाई काका म्हणाले, "भाऊ, तुमच्या जहाजापायी मॅडमनं अख्खा मे महिना घामात काढला ना जी." मला उमजेना. मग त्यांनी दाखवलं. वाचनालयात कूलर एकच, त्याचा झोत सरळ तुमच्या टेबलावरून कोपऱ्यातल्या माझ्या पेटीवर. पहिल्याच आठवड्यात काचेवर आतून वाफ धरलेली तुम्हाला दिसली, मागच्या बाजूला डेकची कड कागदासारखी उचलायला लागली होती. पेटी हलवली तर मास्ट हलेल, म्हणून ती हलवू दिली नाहीत. तुमचं टेबल कपाटाला जखडलेलं. मग तुम्ही कूलरचं तोंड पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाकाकडे फिरवलंत आणि स्वतः गळ्याभोवती ओला नॅपकिन गुंडाळून बसलात. मे महिना. पारा 45 च्या पुढे. नवतपा त्यातच. आपल्याकडे त्या दिवसांत कूलरपुढची जागा माणूस सख्ख्या भावाला देत नाही.

काकांनी देवघेवीचं रजिस्टर उघडून दाखवलं. एप्रिलच्या पानांवर तुमचं अक्षर मोत्यासारखं. मे महिन्यात जागोजागी शाई फुटलेली, तळहाताखाली घामाचा डाग, आणि पुढे पुढे तर हाताखाली जुन्या पंचांगाचं पान ठेवून लिहिल्याची रेघ. मी ते पान बराच वेळ पाहत राहिलो.

मला एक फोन केला असता तर मी पेटी घेऊन गेलो असतो. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणूनच फोन केला नसणार. वाचनालयाचं अनुदान किती आणि तुमच्या हातात काय पडतं, हे इथे लिहून तुम्हाला अवघड करत नाही. पण ज्यांच्याकडे एसी होते, हॉल होते, हार होते, त्यांना एक कोरडा कोपरा जमला नाही. तुमच्यासारखी माणसं गावोगाव आहेत. कुणी भर उन्हात रांजण भरून ठेवतं, कुणी दवाखान्यात परक्या पेशंटचा डबा पोचवतं. यांचे फोटो छापून येत नाहीत आणि यांच्या नावाने फलकही लागत नाहीत. लागावेत असं त्यांना वाटतही नाही, म्हणून आपण त्यांना गृहीत धरतो, याचा मला आता राग येतो.

असो. काल संध्याकाळी तुम्ही गेल्यावर काकांकडून किल्ली घेऊन पेटीचे सगळे सांधे सिलिकॉनने बंद केले, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. डेकची कड पुन्हा बसवली. आता कितीही ओलं वारं लागलं तरी खुकरीला काही होत नाही. पाऊस अजून लांब आहे, तेव्हा उद्यापासून कूलरचं तोंड तुमच्याकडे. त्याच्या पंख्याची मोटर घरघर करते आहे, बुश गेलंय. रविवारी सकाळी येऊन बदलतो, चहा तेवढा ठेवा. पैसे विचारायचे नाहीत.

आपला,
वाइंडिंगवाला