मिळकतकराचा हिशेब प्रभागात येऊन द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात मिळकतकरावर वर्षातून दोनदाच बोलले जाते. एकदा फेब्रुवारीत, करवाढ फेटाळली की मंजूर झाली याची बातमी येते तेव्हा; आणि एकदा मेअखेरीस, सवलतीची मुदत संपत आलेली असते तेव्हा. महापालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे दर मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. ते ठरतात. आपल्याला दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरातून कळतात.

मी आंबेगाव बुद्रुकमधल्या एका सोसायटीची खजिनदार आहे. लिफ्टचा रोप बदलायचा म्हटले तरी सभासद तीन कोटेशन मागतात, आणि मागायलाच हवीत. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घेऊन पै-पैचा हिशेब मांडला नाही, तर उपनिबंधकांची नोटीस येते. मागच्या सभेत आमचे एक ज्येष्ठ सभासद सोसायटीच्या हिशेबाऐवजी स्वतःचे मिळकतकराचे बिल प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून घेऊन आले आणि एकेक रकाना वाचू लागले. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन, वृक्षकर, पाणी, मलनिस्सारण, शिक्षण. ‘ह्यातला वृक्षकर कुठल्या झाडाला जातो तेवढं सांगा,’ म्हणाले. सगळे हसले. मलनिस्सारणाच्या रकान्यावर मात्र कुणी हसले नाही, कारण आमच्या भागातले ओढे सगळ्यांनी पाहिले आहेत. उत्तर देणारे तिथे कुणीच नव्हते. माझ्याकडे बघून काय उपयोग?

असा प्रश्न विचारण्याची जागा कायद्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका अधिनियमात दुरुस्ती करून ‘क्षेत्र सभा’ आणली. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान योजनेचा (जेएनएनयूआरएम) निधी हवा होता, त्यासाठी ही सुधारणा करण्याची अट होती. मतदार यादीत ज्याचे नाव तो त्या सभेचा सदस्य, आणि सभा नगरसेवकाने बोलवायची. निधी आला आणि क्षेत्र सभा कागदावर राहिली. मोहल्ला कमिटीच्या बैठका होतात, पण तिथे खड्डा, ड्रेनेज, कुत्री यांच्या तक्रारी चालतात. पैसा किती आला आणि कुठे गेला, हा विषय तिथे निघत नाही.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत प्रशासक होते, त्यामुळे विचारायचे कुणाला हाच प्रश्न होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने १६५ नगरसेवक दिले. आता ती सबब उरलेली नाही. माझे म्हणणे एवढेच, की पुढच्या वर्षीचे दर ठरण्याआधी प्रत्येक प्रभागात क्षेत्र सभा व्हावी आणि त्या प्रभागातून किती कर जमा झाला, थकबाकी किती, मोठे थकबाकीदार निवासी की व्यापारी, आणि त्या प्रभागात खर्च काय झाला, याचा एक पानी तक्ता तिथे मांडावा. मिळकतकराची सगळी नोंद संगणकावर आहे. हे एका दुपारचे काम असावे.

हिशेब का हवा? करमाफी हवी म्हणून नव्हे. उलट माफीचे राजकारण मला पटत नाही. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, तेव्हापासून पुण्यातही तीच मागणी होते. ऐकायला छान आहे. पण जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता त्याच्या भरपाईसाठी महापालिका राज्य सरकारच्या तोंडाकडे बघत असते. स्वतःच्या हातात उरलेली मोठी उत्पन्ने दोनच, मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. पहिले कमी केले की दुसऱ्यावर भिस्त वाढते. दुसरे वाढवायचे तर इमारती वाढवायला हव्यात. परवानगीचे शुल्क एकदाच मिळते. त्या इमारतीला पाणी, रस्ता, कचरागाडी मात्र कायमची पुरवायची असते. शहराची वाढ ह्या चक्रात सापडली आहे, आणि पाणी नसलेल्या जागी मजल्यांवर मजले का चढतात याचे अर्धे उत्तर इथे आहे.

महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये २३. क्षेत्रफळात आपण मुंबईला मागे टाकले म्हणून मिरवूनही झाले. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढली. बाकीच्या गावांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिनीची वाट अजून पाहिली जाते. अशा ठिकाणी बिल्डरकडून हमीपत्र घेतात, की महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. सोसायटी स्थापन होऊन बिल्डर गेला की ते हमीपत्र फाइलमध्ये आणि टँकरचे बिल रहिवाशांकडे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि नांदेड, किरकटवाडी भागातल्या पाण्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. तोवर तिथल्या विहिरीचे पाणी कुठून कुठे जाते याची चौकशी किती जणांनी केली होती?

करातही सगळे सारखे नाहीत. पुण्यात करपात्र मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर बसतो ती, ठरते ते आकारणी झाली त्या वेळच्या दराने. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावावर कर बसवण्याची, पद्धत घेतली, आपण घेतली नाही. त्यामुळे जुन्या आकारणीचा प्रशस्त बंगला आणि त्याच रस्त्यावरचा नवा दोन खोल्यांचा फ्लॅट यांची बिले शेजारी ठेवली, तर फ्लॅटवाल्याने डोक्याला हात लावावा. पेठांतल्या मंडळींना माझे हे वाक्य आवडणार नाही. माझे माहेर पेठेतलेच आहे, तिथूनही फोन येईल.

आणि ४० टक्क्यांची सवलत. १९७० पासून स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आले, सवलत गेली, मागच्या फरकाचे मेसेज लोकांच्या मोबाइलवर आले, ओरड झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. मग पीटी-३ अर्ज भरून ‘आम्ही खरेच इथे राहतो’ हे सिद्ध करण्याची धावपळ. या सगळ्या गदारोळात भाडेकरूचे नाव कुणी घेतले नाही. भाड्याने दिलेल्या घराला ही सवलत नसते, आणि मालक तो फरक भाड्यात धरतो. म्हणजे ज्याला घर घेणे परवडत नाही, त्याच्याच घरावर कर जास्त. हिंजवडीत आणि खराडीत कामाला येणारी, वर्षानुवर्षे भाड्याने राहणारी मुले करचर्चेत कुठेच नसतात. क्षेत्र सभेत त्यांना जागा आहे, कारण तिथे सातबारा किंवा इंडेक्स टू विचारत नाहीत, मतदार यादी बघतात. (त्यांनी नाव नोंदवायला हवे, हेही खरे.)

परवडणाऱ्या घरांचेही तसेच. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवून म्हाडाच्या सोडतीत द्यायची, असा नियम २०१३ पासून आहे. नाशिकमध्ये ती घरे म्हाडाकडे आलीच नाहीत म्हणून २०२२ मध्ये विधिमंडळापर्यंत प्रकरण गेले. आपल्या प्रभागात अशा किती योजना मंजूर झाल्या आणि त्यातली किती घरे सोडतीत गेली, हेही त्या एका पानावर यायला हवे.

लोकांना न विचारता घेतलेले निर्णय किती लांबवर पोचतात याचे एक उदाहरण देते. २०१६ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी पाणीपट्टी दर वर्षी वाढवत न्यायचे ठरले, थेट २०४७ पर्यंत. आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पाणीपट्टीचा निर्णय तेव्हाच झाला. चोवीस तास पाण्याची ही योजना मात्र अजून पुरी व्हायची आहे. कदाचित ती वाढ योग्यही असेल, पण कुणी समोर बसून पटवून दिले असते तर ती मान्य करायला लोक तयार झाले असते.

दुसरीकडे थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लावायची, आणि रक्कम फुगली की अभय योजना काढून तीच शास्ती माफ करायची. मेअखेरीस रांगेत उभे राहून पाच-दहा टक्क्यांची सवलत घेणारा प्रामाणिक करदाता हे सगळे पाहत असतो. समाविष्ट गावांत तर २०२४ मध्ये राज्य सरकारने थकबाकीच्या वसुलीलाच स्थगिती दिली. गावकऱ्यांचा राग रास्त होता, ग्रामपंचायतीच्या काळातल्या बिलाशी नवे बिल जुळत नव्हते आणि सेवा तीच होती. पण स्थगिती हे उत्तर नव्हे. थांबलेले पैसे माफ झाले की साठत आहेत, हे आजही आमच्या भागातल्या कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

सभेला जागेची अडचण सांगू नये. रविवारी महापालिकेच्या शाळा रिकाम्याच असतात. एक गोष्ट मात्र महापालिकेने स्पष्ट करावी. आमच्या प्रभागात एकापेक्षा जास्त नगरसेवक आहेत. क्षेत्र सभेची मागणी करणारे पत्र आमच्या सोसायटीने त्यातल्या कुणाच्या नावे द्यायचे, सगळ्यांना द्यायचे, की क्षेत्रीय कार्यालयात? उत्तर आपल्या वृत्तपत्रातून छापून आले तर आजूबाजूच्या सोसायट्यांचीही सोय होईल.

कळावे,
आपली,
एक करदाती,
आंबेगाव बुद्रुक, पुणे