तुमच्या वहीच्या शेवटच्या पानाबद्दल, आशाताई

आशाताई, नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, कोपी आठवेल. गाडीतळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, हापशाकडून तिसरी झोपडी. २०१९ च्या जानेवारीत माझी वहिनी तिथं बाळंतीण होती.

आम्ही बीडकडची ऊसतोडीची माणसं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला निघायचं, कारखान्याचा पट्टा पडला की परत. वहिनीचं नाव गावाकडच्या दवाखान्यात नोंदलेलं, आणि सातवा महिना लागला तेव्हा ती तुमच्या गावच्या शिवारात मोळ्या बांधत होती. साधारण हजार लोकांमागं एक आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, असा सरकारी हिशेब. तुमच्या त्या हजारात आम्ही नव्हतोच. आम्हाला बघितलं नसतं तरी तुम्हाला कुणी जाब विचारला नसता.

तुम्ही वही उलटी केली, शेवटच्या पानावर पट्टीनं रेघा मारल्या आणि वर लिहिलं, ‘टोळी’. मग कोपीकोपीतून विचारत गेलात. गाव कुठलं, पोरं किती, कुणाला कितवा महिना. मी चौदा वर्षांची होते, भाकरी थापत बघत होते. तोवर आमची नावं फक्त मुकादमाच्या वहीत होती.

तुमचा दवाखाना सगळ्यांना फुकट आणि सगळ्यांना सकाळीच उघडा. आम्ही पहाटे चारला फडात. एक खाडा पडला की मुकादम पाचशे कापायचा, म्हणजे फुकटची गोळी पाचशेला पडायची! हे तुम्हाला कुणी शिकवलं कोण जाणे, पण तुम्ही दिवस मावळल्यावर यायला लागलात.

वहिनीला कळा सुटल्या तेव्हा १०२ ची गाडी तुम्हीच बोलावलीत. दोन दिवसांनी त्याच गाडीनं सोडताना ड्रायव्हर म्हणाला, पत्ता सांगा. वहिनी गप्प. तुम्ही म्हणालात, “गाडीतळ, तिसरी कोपी. घरापर्यंत सोडायचं असतं, रस्त्यावर नाही.” त्या पाचटाच्या खोपटाला घर म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. एकही चुकला नाही. तिसऱ्या दिवशी झोळीच्या काट्यावर बाळ दोन किलो तीनशे भरलं. वारा चहूकडून शिरत होता. तुम्ही पोराला वहिनीच्या उघड्या छातीशी धरायला लावलंत, वरून शाल, डोक्याला टोपरं, आणि माझ्या आईला दम भरलात की चाळीस दिवस हिनं कोयता धरायचा नाही. या सगळ्या भेटींचे तुम्हाला अडीचशे रुपये मिळाले, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा पगार नव्हता, बहुतेक कामागणिक मोबदला. राग आला खरं तर.

आईचंही सांगायचं राहिलं. अंगावरून पांढरं जातं म्हणून गावाकडच्या एका खासगी डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं होतं, आणि उचलीतून पैसे काढायचंही ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी सरकारी दवाखान्यात तपासून घेऊ. गोळ्यांवर भागलं. त्याच वर्षी आमदार नीलम गोऱ्हेंच्या सरकारी समितीनं बीडमधल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा पिशवी काढलेल्या तेरा हजारांहून जास्त निघाल्या. त्यात माझ्या दोन मावश्या आहेत. आई नाही.

परवा वहिनीच्या त्या पोराच्या शाळेसाठी कागद शोधताना लसीचं कार्ड सापडलं. सहा आणि दहा आठवड्यांचे डोस तुमच्याकडचे, चौदाचा आमच्याकडचा. मागं तुमच्या अक्षरात आहे: ‘पुढचा डोस मे महिन्यात. जिथं असाल तिथं घ्या, नाही म्हणाले तर मला फोन लावा.’ खाली नंबर. तेव्हा आमच्या गावच्या सिस्टरनं ते वाचलं, मुकाट्यानं लस दिली.

तो नंबर आता लागत नाही, म्हणून हे असं उघड्यावर लिहिते आहे. यंदा दादा-वहिनीची टोळी परत तुमच्याच भागात येतेय. वहिनीला पाचवा महिना आहे. शेवटचं पान ठेवा.

तुमची,
तिसऱ्या कोपीतली भाकरी थापणारी