आधी गळती शोधा, मग टाइल्स फोडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यात पाइप फुटला की पेपरात फोटो येतो, यायलाच पाहिजे, पण घरातल्या भिंतीच्या आत जो पाइप सहा-सहा महिने गळत असतो त्याच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांब झालं तर सांभाळून घ्या.

आमचं घर इंदुरात लोकमान्य नगरात, सासऱ्यांनी बांधलेलं, दुमजली. दिवाळीनंतर जिन्याच्या भिंतीला ओल दिसायला लागली, आधी हाताच्या पंज्याएवढी, मग पोपडे सुटले, मग पांढरा खार फुटला. पेंटर म्हणाला डॅम्पप्रूफ मारून देतो. एक मिस्त्री म्हणाला गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, पण अहो पाऊस जाऊन दोन महिने झाले होते आणि ओल तर रोज वाढत होती. मग प्लंबर भैया आले, त्यांनी ओल दिसत होती बरोबर त्याच्याच मागे वरच्या बाथरूममधल्या चार टाइल्स फोडल्या, आतला पाइप कोरडा ठणठणीत. त्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत. पैसे गेले ते गेलेच, पण खरं वाईट वाटलं ते याचं की इतकी माणसं येऊन गेली आणि एकानेही आधी शोधू या म्हटलं नाही.

माझे दीर पीएचईतून, म्हणजे सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यातून, रिटायर झालेत. ते संक्रांतीला आले तेव्हा म्हणाले, वहिनी, हातोडा राहू द्या, आधी टंकीत पट्टी लावा, म्हणजे मोजपट्टी उभी धरून पाणी किती उतरतं ते बघा. मग चार रात्री जे केलं ते कोणालाही करता येतं आणि एक पैसा लागत नाही. गच्चीवर आमची सिमेंटची टंकी आहे, चार फूट बाय चार फूट, म्हणजे तिच्यात पाणी एक सेंटिमीटर उतरलं की साधारण 15 लिटर गेलं असा हिशोब. पहिल्या रात्री टंकीत येणारं पाणी बंद केलं आणि खाली जाणारे तिन्ही व्हॉल्व्हही बंद केले, सकाळी पाणी होतं तिथेच, म्हणजे टंकी चांगली आणि व्हॉल्व्हही धरतात (जुने गेट व्हॉल्व्ह पुष्कळदा पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून हे आधी बघायचं). दुसऱ्या रात्री तिन्ही उघडे ठेवले, रात्री अकरा ते सकाळी सहा कोणी नळाला हात लावला नाही, तरी पाणी 8 सेंटिमीटर उतरलं. 120 लिटर! सगळे झोपलेले असताना! दिवसाचा हिशोब केला तर चारशे लिटरच्या वर जातं, आणि आमच्याकडे नर्मदेचं पाणी नळाला येतं एक दिवसाआड.

तिसऱ्या रात्री फक्त खालच्या बाथरूमची लाइन उघडी ठेवली तर 5 सेंटिमीटर उतरलं, चौथ्या रात्री फक्त वरच्या बाथरूमची तर 3. किचनच्या लाइनमध्ये काही नव्हतं. म्हणजे गळत्या दोन होत्या आणि मोठी होती ती जिथे ओल नव्हती तिथे. खाली फ्लशच्या टंकीत जिलबीत घालतो तो खायचा रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश केलं नाही, तर कमोडमध्ये आपोआप केशरी पाणी उतरलं. आतलं रबराचं सील कडक होऊन गेलं होतं. ना आवाज, ना थेंब दिसत होता, रोज अडीचशे लिटर सरळ गटारात. सील बदललं, दहा मिनिटांचं काम.

वरच्या बाथरूममध्ये भाऊजींनी गिझरच्या खालचा कॉक बंद केला आणि पाणी उतरायचं थांबलं. तेव्हा कळलं की गार पाण्याची लाइन चांगली आहे, गळतंय ते गिझरपासून मिक्सरपर्यंतच्या तीन-चार फुटांत. मग रात्री शांत झाल्यावर त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टाइलला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सरकवत गेले. मलाही ऐकवलं, एका जागी बारीक सूं सूं येत होतं. तिथली एकच टाइल काढली. जुन्या लोखंडी पाइपाला नवा सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालतो तो प्लास्टिकचा पाइप) जोडताना प्लास्टिकच्या आट्यांचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, लावून जोर करून पिळला होता, गरम-गार होऊन होऊन त्याला चीर गेली होती. तिथे पितळेच्या आट्यांचा एल्बो पाहिजे होता. आणि ही जागा ओलीपासून चांगली तीन फूट लांब आणि वर! पाणी पाइपाच्या अंगाने, प्लास्टरच्या मागून वाट काढत जातं आणि मिळेल तिथे बाहेर निघतं, म्हणून जिथे ओल तिथेच फोडायचं हे चूकच आहे.

नवा एल्बो लावून सोल्यूशन रात्रभर सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी पाइप तपासायच्या हाताच्या प्रेशर पंपाने प्रेशर देऊन काटा खाली येत नाही ना ते बघितलं, तरी दोन दिवस टाइल उघडी ठेवली आणि बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. घर बांधताना प्रत्येकाने हा फोटो काढलाच पाहिजे, पाइप कुठून गेलाय ते टाइलखाली गेल्यावर कोणालाच आठवत नाही. आणि गिझरचा पॉइंट ओलीच्या जवळ असेल तर आधी एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडायचा स्विच) पाडा, यात अजिबात आळस करू नका.

हेही सांगते की सगळी ओल पाइपाची नसते. आंघोळीनंतरच वाढत असेल तर ड्रेनेजची जाळी किंवा टाइल्सच्या फटी बघा, पावसातच दिसत असेल तर गच्ची. बाराही महिने सारखी ओली राहते ती बहुतेक नळाच्या लाइनची. थेंब थेंब गळणारा नळ पण छोटा समजू नका, आमच्या मागच्या अंगणातल्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवली तर 25 मिनिटांत भरली, म्हणजे दिवसाचे 57 लिटर, आणि वॉशर येतो पाच-दहा रुपयांत.

मला याचं इतकं का लागतं तर नर्मदा 1978 साली इंदुरात आली त्याच्या आधीचे दिवस सासूबाई सांगायच्या, हंडे-कळशा घेऊन किती फिरावं लागायचं ते. हे पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून येतं, 70 किलोमीटर लांबून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. त्या पंपांच्या विजेचा खर्च इतका की 2023 मध्ये नगर निगमने जलूदच्या सोलर प्लांटसाठी 244 कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले. आणि इतकं करून आणलेलं पाणी फ्लशमधून वाहून जातं, कळतही नाही, कारण घरात मीटर नाही, बिल दर महिन्याला ठरलेलं.

अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. गल्लीच्या मेन लाइनपासून घरापर्यंतचा जो जोड असतो तो जुन्या वस्त्यांत कितीतरी ठिकाणी नालीतूनच गेलेला आहे. नळाचं पाणी गेलं की तो पाइप रिकामा होतो, मग त्याला बारीक भोक असलं तरी नालीचं पाणी आत शिरतं, आणि लाइनला डायरेक्ट मोटर लावली तर ओढलंच जातं. नर्मदेच्या दिवशी पहिली पाच मिनिटं पाणी बादलीत घेऊन रंग बघा, वास बघा, आणि घरासमोर फक्त त्याच दिवशी ओलं होत असेल तर तो जोड लगेच बदलून घ्या.

आपल्याला विनंती अशी की उन्हाळा लागायच्या आधी टंकीत पट्टी लावायची ही रीत पेपरात चौकटीत छापा, आणि निगमकडेही मागणी करा की प्लंबरचं काम करणाऱ्या मुलांना प्रेशर पंप वापरायचं ट्रेनिंग द्या, निगमच्या झोन ऑफिसात तो पंप भाड्याने मिळू द्या. आमच्या गल्लीतल्या तीन घरांत मी पट्टी लावून दिली, दोन घरांत फ्लशच निघाला.

जिन्याची भिंत अजून रंगवलेली नाही. भाऊजी म्हणालेत की प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा, आतून बाष्प धरलं नाही की मगच पेंटरला बोलवा. परवा काढून बघितला, अजून थोडं धरतंय.

आपली नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर