वाण म्हणून क्रोशाची सुई द्यावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संक्रांत महिन्याभरावर आली की वडोदऱ्यातल्या मराठी घरांत वाणाची चर्चा सुरू होते आणि बहुधा ती स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा किंवा छोटी पर्स यांपैकी कशावर तरी येऊन थांबते. या वस्तू देणारीच्या घरात जशा जास्त झालेल्या असतात तशाच घेणारीच्या घरातही असतात, आणि त्यांतल्या कित्येक पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी वाण म्हणून फिरतात, हे आपण सर्वजणी जाणून आहोत. ज्यांना क्रोशाचे विणकाम येते अशा वाचकांपुढे मला एक सूचना ठेवायची आहे. यंदा वाण म्हणून क्रोशाची एक सुई आणि लोकरीचा एक गुंडा द्यावा, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दुपारी, ज्यांना ते वाण दिले त्यांना आपल्या घरी बोलावून शिकवावे. फक्त उत्तरायण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण हे पतंगांचे दोन दिवस सोडावेत, कारण त्या दिवसांत वडोदऱ्यात गच्ची सोडून खाली कोणी बसत नाही आणि मांजाने कापलेल्या बोटावरून लोकर सरकतही नाही.

ही सूचना करण्यामागचे कारण स्पष्ट सांगते. ज्या बाईला क्रोशा येतो तिच्याकडे ओळखीपाळखीच्या लोकांच्या मागण्या वर्षभर येत असतात. कोणाच्या मुलीच्या रुखवतात ठेवायला रुमालांचा संच हवा असतो, कोणाला वास्तुशांतीसाठी तोरण हवे असते, कोणाच्या नातवाला बारशाच्या आत टोपडे आणि मोजे हवे असतात. 'तुमचा हात काय चालतो हो' असे कौतुक होते, दोऱ्याचे पैसे कधी मिळतात आणि कधी मिळत नाहीत, आणि महिन्याभराच्या संध्याकाळींचा हिशेब तर कोणीच करत नाही. यात मागणाऱ्यांचा दुष्टावा नसतो. त्यांनी आयुष्यात एकही ओळ विणलेली नसते, त्यामुळे एका तोरणात किती टाके असतात याची त्यांना कल्पनाच नसते. नकार देऊन मने दुखावण्यापेक्षा, मागायला आलेल्या मैत्रिणीच्या हातात सुई देऊन तिला शेजारी बसवणे हा मला अधिक चांगला मार्ग वाटतो. तिने चार ओळी विणल्या की पुढचे बोलणे आपोआप वेगळ्या पातळीवर होते.

याला एक मोठी बाजूही आहे. दोन सुयांवरच्या विणकामासारखे कापड यंत्रावर काढता येते, पण खऱ्या क्रोशाचे काम यंत्र करू शकत नाही. क्रोशाच्या नावाने यंत्रावर निघणाऱ्या पट्ट्या आणि जाळ्या रचनेने निराळ्या असतात. म्हणजे मॉलमध्ये स्वस्तात टांगलेली खऱ्या क्रोशाची पिशवी ही कोणाच्या तरी हातांनीच केलेली असते, आणि ती स्वस्त असेल तर त्या हातांना काय मिळाले असेल याचा अंदाज विणणाऱ्याला लगेच येतो. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजवलेल्या क्रोशाच्या लेसवर आजही असंख्य बायका घरबसल्या काम करतात, पण 'फावल्या वेळेचे काम' म्हणून त्याची मजुरी नेहमीच कमी धरली गेली. ज्याने स्वतः विणून पाहिले आहे तो अशा वस्तूची किंमत पाहून घासाघीस करणार नाही, अशी माझी समजूत आहे.

आता शिकवण्याबद्दल. आपल्याकडे क्रोशा जाणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडून इतरांनी शिकल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते, आणि त्याचा दोष बऱ्याचदा शिकणाऱ्याला दिला जातो. 'आताच्या मुलींना धीर नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. धीर नसतो तो बहुतेक वेळा शिकवणारीला. ती नवशिक्या मुलीच्या हाती पहिल्याच दिवशी वीस नंबरचा पांढरा दोरा आणि केसासारखी बारीक स्टीलची सुई देते, अननसाच्या नक्षीचा रुमाल पुढे ठेवते, आणि पाचव्या मिनिटाला 'थांब, मी करून दाखवते' म्हणून काम स्वतःकडे ओढून घेते. त्यानंतर मुलगी फक्त पाहत राहते, आणि पाहून क्रोशा येत नाही.

सुरुवात जाड, गुळगुळीत आणि फिक्या रंगाच्या लोकरीवर, सुमारे चार मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या सुईने करावी. काळ्या, गडद निळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका कुठे आहे हे जाणत्या डोळ्यांनाही दिसत नाही, मग नवख्यांना कसे दिसणार? बाजारात मिळणारी बरीचशी लोकर अॅक्रिलिकची असते, आणि शिकण्यासाठी ती उत्तमच, कारण ती कितीदाही उसवली तरी फारशी बिघडत नाही. वडोदऱ्याच्या थंडीत लोकरीचे करायचे काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लोकरीवर फक्त हात बसवायचा असतो. हात बसला की सुती दोऱ्याची पिशवी, तोरण, पाण्याच्या बाटलीचे कव्हर असे आपल्या हवेत चालणारे कितीतरी प्रकार करता येतात.

साखळीपासून, म्हणजे एकात एक ओवलेल्या फासांच्या पायाच्या रांगेपासून, शिकवायला सुरुवात करण्याची आपली जुनी पद्धत मला चुकीची वाटते. नवशिक्याची साखळी हटकून घट्ट येते, तिच्यात दुसऱ्या ओळीची सुई शिरत नाही, आणि तिथेच उत्साह संपतो. त्यापेक्षा शिकवणारीने साखळी आणि पहिल्या दोन ओळी स्वतः सैल हाताने विणून ठेवाव्यात आणि शिकणाऱ्याला तिसऱ्या ओळीपासून मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा बुटका टाका, विणायला लावावे. तयार कापडाच्या काठावर टाके स्पष्ट दिसतात आणि धरायलाही काहीतरी असते. एक-दोन दिवसांनी हात मोकळा झाला की साखळी शिकवावी, आणि तीही एक नंबर मोठ्या सुईने घालायला सांगावी. मुका खांब जमल्यावर त्याहून उंच असलेला खांब यायला वेळ लागत नाही. सुईवर एक वेढा घ्यायचा, टाक्यात सुई घालून लोकर ओढायची, सुईवर तीन फास दिसले की वेढा घेऊन ते दोन-दोन करत दोनदा सोडवायचे. एवढे तोंडाने म्हणत विणले की लय सापडते.

खरी अडचण येते ती ओळीच्या टोकांना. खांबांच्या ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घालतात आणि त्या तीन साखळ्या हाच त्या ओळीचा पहिला खांब धरला जातो, हे शिकवणारीच्या इतके अंगवळणी पडलेले असते की ती ते सांगायलाच विसरते. मग शिकणारी व्यक्ती ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालत नाही, प्रत्येक ओळीत एक टाका कमी होतो, आणि चौकोन म्हणून सुरू केलेले काम त्रिकोणाकडे जाऊ लागते. यावर उपाय साधा आहे. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एकेक सेफ्टी पिन अडकवावी आणि ओळ संपली की टाके मोठ्याने मोजावेत. मुक्या खांबाला वळताना एक साखळी, या दोहोंच्या मधल्या उंचीच्या अर्ध्या खांबाला दोन, खांबाला तीन आणि त्याहून उंच दुहेरी खांबाला चार, हा हिशेब एका कागदावर लिहून समोर ठेवला की पुष्कळ रडारड वाचते.

बसण्याची जागाही महत्त्वाची आहे. उजव्या हाताने काम करणारी व्यक्ती शिकवणारीच्या शेजारी बसावी, आणि डावखुरी व्यक्ती समोर बसावी म्हणजे तिला आरशात पाहिल्यासारखे सगळे आपल्या बाजूने दिसते. डावखुऱ्या मुलांना उजव्या हातात सुई धरायला लावू नये. सुई पेन्सिलीसारखी धरली काय किंवा सुरीसारखी धरली काय, काम सारखेच होते, तेव्हा त्याबद्दलही टोकू नये. लक्ष द्यायचे ते दुसऱ्या हाताकडे, कारण लोकर किती ताणून सोडायची हे तो हात ठरवतो आणि टाके एकसारखे येणे त्यावर अवलंबून असते. आणि शिकवणारीने आपल्या हातात स्वतःचा वेगळा नमुना ठेवावा. जे दाखवायचे ते त्यावर दाखवावे, समोरच्याच्या कामाला हात लावू नये.

उसवायला घाबरू नका, हेही पहिल्याच दिवशी सांगावे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर असतात आणि एक निसटला तर तो खालपर्यंत उतरत जातो. क्रोशात एका वेळी एकच फास मोकळा असतो, त्यामुळे सुई बाहेर आली तरी नुकसान एवढ्याशाचेच. दहा मिनिटांचे काम ओढून पुन्हा त्याच जागी सुई घालता येते. घरकामात दर पाच मिनिटांनी उठावे लागणाऱ्या बाईला ही गोष्ट फार सोयीची आहे.

पहिली वस्तू म्हणून मी नेहमी चौकोन सुचवते. मधल्या गोलात तीन-तीन खांबांचे चार गट, गटांच्या मध्ये दोन-दोन साखळ्यांचे कोपरे, आणि पुढे फेरीगणिक वाढत जाणारी रचना. घरातल्या प्रत्येकाने आपल्या आवडीच्या रंगांत असे चौकोन करावेत आणि ते जोडून घरातल्या बाळासाठी किंवा वयस्कर माणसासाठी एक पांघरूण करावे. प्रत्येकाचा हात वेगळा असल्यामुळे चौकोन लहान-मोठे येतात, त्यावरून घरात थट्टाही होते. अशा वेळी 'घट्ट वीण, सैल वीण' असे सांगून काही होत नाही. ज्याचा चौकोन मोठा येतो त्याला अर्धा मिलिमीटर बारीक सुई द्यावी, ज्याचा लहान येतो त्याला तेवढीच जाड द्यावी, म्हणजे मापे जवळ येतात.

'घरातल्या प्रत्येकाने' असे मी जाणीवपूर्वक लिहिले आहे. वाण बायकांचे असले तरी शिकायला मुलगे, नवरे आणि आजोबा बसले तर हरकत काय? आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाची लेस विणून कुटुंबे तगली, तेव्हा बायकांबरोबर पुरुष आणि मुलेही ती विणत असत. आमच्या घरात पतंगाची फिरकी तासन्‌तास धरणाऱ्या मुलाला लोकरीचा गुंडा धरायला कमीपणा वाटला नाही, आणि त्याचे टाके माझ्यापेक्षा एकसारखे येतात. वयस्कर मंडळींना मात्र भरपूर उजेड आणि जाड मुठीची सुई द्यावी आणि अर्ध्या तासाने हात थांबवायला लावावेत.

व्हिडिओ पाहून शिकता येतेच की, असे काही वाचक म्हणतील. येते, पण एक घोटाळा ध्यानात ठेवावा लागतो. ब्रिटिश पुस्तकांत आपल्या मुक्या खांबाला 'डबल क्रोशे' म्हणतात, तोच अमेरिकी व्हिडिओत 'सिंगल क्रोशे' असतो, आणि अमेरिकी 'डबल', म्हणजे आपला खांब, हा ब्रिटिश 'ट्रेबल' असतो. आईने जुन्या पुस्तकातून आणि मुलीने व्हिडिओतून एकच रुमाल करायला घेतला तर दोघींची मापे जुळत नाहीत ती यामुळे. यातून सुटायचा मार्ग म्हणजे चिन्हांचा नकाशा. साखळीला लांबट गोल, मुक्या खांबाला फुली, अर्ध्या खांबाला डोक्यावर आडवी रेघ असलेला उभा दांडा, खांबासाठी त्याच दांड्यावर एक तिरका छेद आणि दुहेरी खांबाला दोन, ही चिन्हे ब्रिटिश आणि अमेरिकी या दोन्ही पद्धतींच्या नमुन्यांत तीच वापरतात. वडोदऱ्यासारख्या गावात हे विशेष उपयोगाचे आहे. इथल्या मराठी घरांतली बरीच मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात आणि सलग मराठी वाचायला कंटाळतात, शेजारच्या गुजराती मैत्रिणीला मराठी कृती वाचता येत नाही, पण नकाशा सगळ्यांना सारखाच वाचता येतो.

म्हणून आपल्याकडे माझी एक विनंती आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात लागू केले, आणि १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय या शहरात सुरू झाले. तेव्हा शिकवण्याला इथे जागा मिळते असा अनुभव आहे. पूर्वी स्त्रियांच्या मासिकांत विणकामाचे नमुने नियमाने छापून येत. आपल्या रविवारच्या पुरवणीत जानेवारी महिन्यापुरता दर आठवड्याला क्रोशाचा एक लहान नकाशा, खाली चिन्हांची मराठी नावे देऊन, छापावा. शहरातल्या मराठी मंडळांनीही हळदीकुंकवाच्या दिवशी तयार वस्तूंचे प्रदर्शन मांडण्याऐवजी सतरंजी अंथरून दुपारभर शिकवण्याची सोय केली तर जाणत्या बायका आनंदाने येतील, असा मला भरवसा आहे.

नकाशे काढून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. पहिल्या आठवड्यासाठी तीन फेऱ्यांचा चौकोन तयार आहे. आपल्या छपाईत तिरके छेद पुसट येण्याची शक्यता असल्यास मूळ रेखाटन कोणत्या मापाचे हवे तेवढे कळवावे.

आपली नम्र,
एक वाचिका,
दांडिया बाजार, वडोदरा