झिंकच्या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

केस गळतायत म्हणून रोज 50 मिलिग्रॅम झिंक चालू केलंस आणि आता वर्षभर घेणार म्हणतोस, ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

झिंक लागतंच, त्यात वाद नाही. अख्ख्या शरीरात असतं जेमतेम 2-3 ग्रॅम, पण 300 च्या वर एन्झाइम्सचं काम त्याच्यावाचून अडतं, जखम भरणं, चव कळणं, मुलांची वाढ, इम्युनिटी सगळ्यात ते आहे. आणि लोहासारखा साठा करून ठेवायची सोय नाही, म्हणून जेवणातूनच येत राहायला हवं.

याच्या कमतरतेने माणूस आजारी पडतो हे डॉ. आनंद प्रसाद यांच्यामुळे कळलं. 1958 मध्ये इराणात शिराझला त्यांच्यासमोर 21 वर्षांचा एक पेशंट आला, दिसायला दहा वर्षांचा पोरगा! दाढीमिशी नाही, ॲनिमिया, माती खायची सवय, आणि जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी. धान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं, आतड्यात शोषूच देत नाही. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना झिंक दिलं तर त्यांची उंची वाढली, ती वयात आली. मला हे दरवेळी वाचताना भरून येतं रे, इतक्या थोडक्यासाठी त्यांची वाढ थांबली होती. कडधान्यं भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं, तेवढं तरी नक्की कर. मांस, मासे खात असशील तर त्यातलं झिंक जास्त सहज मिळतं.

आता तुझी गोळी. मोठ्या पुरुषाला दिवसाला साधारण 11 मिलिग्रॅम पुरतं, बाईला 8, आणि अमेरिकेत वरची मर्यादा 40 धरतात, म्हणजे तू जेवण सोडूनच त्याच्या वर गेलास. जास्त झिंक गेलं की आतड्यातल्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन जास्त बनवतात, ते तांब्याला घट्ट पकडतं, आणि त्या पेशी झडल्या की तांबंही त्यांच्यासोबत बाहेर. असं महिनोन्‌महिने चाललं की शरीराला लागणारं तांबं कमी पडून ॲनिमिया होतो, पांढऱ्या पेशी कमी होतात, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि नसांचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

लहान मुलांना जुलाबात झिंक देतात तेसुद्धा 10 ते 14 दिवसच.

तेव्हा बाटली घेऊन डॉक्टरकडे जा, केसांचं खरं कारण शोधू दे त्यांना. रक्त तपासायचं ठरलं तर सर्दीताप असताना नको, तेव्हा झिंक तसंही कमी दिसतं. आणि तांबंही तपासायचं का ते विचार. काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझाच