होडी तळ्यातून बाहेर काढली

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल होडी सुखरूप बाहेर काढली, हे आधी सांगते, म्हणजे बाबांचा जीव भांड्यात पडेल. गुडघ्यामुळे यंदा तुम्हाला येता आले नाही आणि फोनवर सगळे बोलणे झाले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आई, उतारावरचे शेवाळ फार निसरडे होते, पण पाण्यात पाय घालण्याआधीच मी लाइफ जॅकेट चढवले होते आणि धरायला आणखी एक जण सोबत होता. ओढून आणताना ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग तापतात, आणि तशीच थंड पाण्यात गेली की आतली हवा आक्रसून पाणी ओढून घेते. म्हणून बाबांच्या सांगण्याप्रमाणे अर्धा तास थांबलो. पहिल्या खेपेला ट्रेलर जरा जास्तच खोल गेला, होडी त्यावर तरंगत तिरकी झाली. तो थोडा वर घेतला, तेव्हा ती नीट मध्यावर बसली. मग विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चरखीने, नाळ (होडीचे पुढचे टोक) घट्ट ओढली, साखळी अडकवली आणि मागचे पट्टे आवळले.

खरी गोष्ट पुढेच आहे. इंजिन उभे ठेवून त्यातले पाणी निथळू दिले आणि गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू, मग वरचा, असे दोन्ही काढले, तर तेल काळपट येण्याऐवजी दुधाळ, ताकासारखे आले. आत पाणी शिरले होते. पंखा उतरवून पाहिला, तेव्हा त्यामागे दांड्याला गळाची नायलॉनची दोरी करकचून गुंडाळलेली दिसली आणि तिने पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलची कड कापली होती. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ते आतच राहिले असते तर हिवाळ्यात गिअरचे घर तडकले असते आणि आपल्याला ते थेट वसंतात कळले असते. बाबा, "तेलाचा रंग पाहिल्याशिवाय झाकण लावू नकोस" हे तुमचे वाक्य दरवर्षी मी नुसते ऐकत आले होते. काल त्याचा अर्थ हाताला लागला. सील बदलून घेतले आणि नवे तेल खालच्या भोकातून वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरले.

बॅटरी घरात आणून पूर्ण चार्ज केली आहे. पार उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपास गोठून फुटू शकते, भरलेलीला मात्र तशी भीती नसते. होडीचा तळ खरवडून धुतला, वल्ही पुसून ठेवली. ताडपत्रीखाली मधोमध आडवा बांबू दिला आहे, म्हणजे बर्फ साचून तिची झोळी होणार नाही.

होडी नाळेकडून थोडी उचलून ठेवली आहे आणि मागचे बूच काढले आहे, म्हणजे आत आलेले पाणी आपोआप निघून जाईल. वसंतात ते लावायचे विसरू नये म्हणून इंजिनाच्या किल्लीलाच बांधले आहे. किल्ली आणि बूच दोन्ही या पत्रासोबत पाठवत आहे. बाबा, ती तुमच्याकडेच ठेवा. तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसाल, तेव्हाच होडी पाण्यात उतरवू.

तुमची,
लेक