गाडी रंगवायला देण्याआधी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि हातातली कामं बाजूला ठेवून लगेच लिहायला बसलो. मामांची फोक्सवॅगन बीटल शेवटी तुझ्याकडे आली याचा मला तुझ्याइतकाच आनंद झालाय. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलास की सगळी गाडी खोलायची, पत्र्यापर्यंत घासायची, नवा रंग, नव्या गाद्या, नवं अस्तर, आणि पुढच्या आठवड्यात ती गॅरेजला द्यायची. ते वाचून पोटात गोळा आला. नंदू, थांब. हे पत्र पुरं वाच आणि मग ठरव. गाडी तुझी आहे, शेवटचा शब्द तुझाच.

तुझ्या वर्णनावरून माझ्या डोळ्यांपुढे जी गाडी उभी राहते ती अशी: साठच्या दशकातली, पहिल्यापासून एकाच घरात, रंग कारखान्यातला, काचा त्याच, छताचं अस्तर तेच, डाव्या मडगार्डाचा कोपरा तेवढा कधीतरी रंगवलेला. अशी गाडी आता सहजासहजी दिसत नाही. त्या काळातल्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या, आणि ज्या उरल्या त्यांतल्या बऱ्याच दोन-तीनदा तरी रंगवून झाल्या. रिस्टोअर केलेली, म्हणजे खोलून नव्यासारखी केलेली गाडी वीस वर्षांनी पुन्हा रिस्टोअर करता येते. जगातला सगळ्यात निष्णात कारागीर आणलास तरी कारखान्यातला घासून टाकलेला रंग त्याला परत आणता येणार नाही.

तू विचारशील, त्या विटलेल्या रंगात एवढं काय आहे? माझ्या मॉरिस मायनरचंच घे. बोनेटच्या मधोमध पुढून मागे गेलेली चपटी पट्टी तू पाहिली आहेस. ती शोभेसाठी नाही. 1948 साली गाडी बाजारात यायच्या थोडंच आधी तिचा रचनाकार इसिगोनिस याला ती अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन्ही भाग सरकवून पाहिले आणि चार इंचांची रुंदी वाढवली. बोनेटवरची पट्टी त्या चार इंचांची. बंपर तोवर तयार होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपरही मधोमध कापून त्यांत तुकडा जोडलेला असे. ही गोष्ट छापील माहितीत मिळते, पण ती खरी वाटते ती पत्र्यावर हात फिरवल्यावर.

आणि जे कुठेच छापलेलं नसतं तेही गाडीतच असतं. दाराच्या आतलं पॅनेल काढलं तेव्हा हार्डबोर्डाच्या मागच्या बाजूला निळ्या खडूने लिहिलेला आकडा निघाला. घाईत लिहिलेला, सातच्या पोटात आडवी रेघ. डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला रंगाचा एक ओघळ आहे, सुकता सुकता थांबलेला. डॅशबोर्डाच्या मागे रंग इतका विरळ की खालचा प्रायमर दिसतो. फवारणाऱ्याला ठाऊक होतं की इथे कोणी बघणार नाही. 1959 सालच्या एका कामाच्या दिवशी काही माणसांनी ही गाडी कशी बनवली, त्यांचा हात कुठे सफाईने चालला आणि कुठे उरकला, याचा पुरावा माझ्या गाडीपाशी आहे. रिस्टोअर करताना सगळ्यात आधी हेच पुसलं जातं. दारांच्या फटी एकसारख्या होतात, आत-बाहेर सारखाच आरसा चमकतो, आणि गाडी कारखान्यातून निघाली होती त्याहून सफाईदार होऊन बसते. तिला सुंदर म्हणायला माझी ना नाही. पण तिच्याकडे बघून त्या काळाबद्दल काही शिकायचं असेल तर प्रत्येक गोष्टीपाशी शंका घ्यावी लागते.

माझ्या गाडीचे ट्रॅफिकेटर, म्हणजे वळायची दिशा दाखवणाऱ्या दांड्या, तुझ्या मुलीला फार आवडतात, म्हणून ते खास सांगतो. दारामागच्या खांबातल्या खाचेतून नारिंगी दांडी टक् करून बाहेर येते आणि आत दिवा लागतो. मायनरला 1961 मध्ये लुकलुकणारे दिवे आले आणि या दांड्या गेल्या. माझ्याकडचा डावा ट्रॅफिकेटर मध्येच अडकायला लागला तेव्हा ज्याने त्याने सांगितलं, काढून टाक, दिवे बसव. मी तो खांबातून सोडवून टेबलावर घेतला. बिजागरीच्या पिनेवर जुनं तेल वाळून डिंक झालं होतं. स्पिरिटच्या बोळ्याने पीन पुसली, घड्याळाला घालतात तसल्या पातळ तेलाचा एक थेंब सोडला, दांडी उचलणाऱ्या सोलेनॉइडचा, म्हणजे आतल्या विजेच्या चुंबकाचा, गाभा कोरड्या फडक्याने स्वच्छ केला. दांडी पहिल्यासारखी उठायला लागली. काही बदललं नाही. मूळ भागांची गाडी सांभाळणं बहुतेक वेळा असंच असतं: आधी साफ करून बघायचं, मग दुरुस्त करून बघायचं, आणि बदलायचं सगळ्यात शेवटी.

ही आपली दोघांचीच हौस आहे असं समजू नकोस. कॅलिफोर्नियातलं पेबल बीचचं गाड्यांचं प्रदर्शन 1950 पासून भरतं. सुरुवातीची काही वर्षं पहिला मान नव्या गाड्यांनाच मिळायचा. 1955 मध्ये शर्यतीत गाड्या चालवणाऱ्या फिल हिलच्या 1931 सालच्या, रिस्टोअर केलेल्या पीअर्स-अ‍ॅरोला तो मिळाला आणि मग अनेक दशकं झगझगीत रिस्टोरेशन हेच तिथलं माप होऊन बसलं. न रिस्टोअर केलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग निघायला 2001 उजाडलं. आणि 2024 मध्ये अशाच विभागातल्या 1934 सालच्या बुगाटी टाइप 59 ने सर्वोत्कृष्ट गाडीचा मान पटकावला. ही गाडी पुढे बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली होती. त्याने दिलेला काळा रंग आणि पिवळा पट्टा अजून तिच्यावर आहे, तडे गेलेला, कुठे कुठे उडालेला. कारखान्यातला रंग नसूनही कोणी तो काढला नाही, कारण गाडीच्या आयुष्यातला तोही एक खरा टप्पा. मामांनी रंगवलेला मडगार्डाचा कोपरा म्हणूनच मी तसाच ठेवला असता.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण या नादात लोक टोकालाही जातात. पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतावर बायों कुटुंबाच्या जवळजवळ साठ गाड्या सापडल्या आणि 2015 च्या फेब्रुवारीत पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. त्यातली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती. ती 1 कोटी 60 लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. तेव्हापासून धुळीचंच कौतुक करणारे निघाले. गाडी सापडली तशीच ठेवायची, पुसायचीसुद्धा नाही! मला हे मुळीच पटत नाही. धूळ ओल धरून ठेवते आणि ओल पत्रा खाते. कारखान्यातून गाडी धूळ घेऊन निघाली नव्हती. दुर्लक्षाला जतन म्हणता येणार नाही.

मूळ म्हणजे किती मूळ, हा वाद कोर्टापर्यंतही गेलाय. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत 1929 आणि 1930 अशी लागोपाठ जिंकणाऱ्या बेंटलीचे, 'ओल्ड नंबर वन'चे, पुढच्या काळात जवळपास सगळेच भाग बदलले गेले होते. तरीही 1990 साली इंग्लंडमधल्या न्यायाधीशाने ती 'ओल्ड नंबर वन'च असल्याचा निर्णय दिला, कारण तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. निकाल मला योग्य वाटतो. पण त्या बेंटलीकडे तिचं नाव आहे, तिच्या अंगावरचा मूळ ऐवज गेलाय. तुझ्या बीटलकडे दोन्ही आहेत. म्हणून माझा जीव एवढा तुटतोय.

आता जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेचं, फीव्हाचं म्हणणं सांगतो. ही संघटना 1966 पासून आहे. तिने वास्तूंच्या जतनासाठी 1964 मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर गाड्यांसाठी ट्युरिनची सनद केली. तिचा गाभा मला पाठ झालाय: गाडी वापरा, पण तिच्यात हात घालायचा तो कमीत कमी, जे कराल त्याची नोंद ठेवा, नवा भाग घातलात तर तो नवा आहे हे पुढच्याला कळेल अशी बारीक खूण करा. माझ्याकडे काढलेल्या प्रत्येक भागासाठी एक खोका आहे. चिठ्ठीवर भागाचं नाव, तारीख, का काढला, बदली काय घातलं. फाटलेला रबरी होजसुद्धा मी टाकत नाही, कारण त्यावरचा शिक्का आणि विणीचा नमुना उद्या कोणाला तरी लागेल.

मात्र काही गोष्टींत मूळपणाचा हट्ट अजिबात धरू नकोस. टायर, ब्रेकचे होज, पेट्रोलचे पाइप. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी आतलं रबर कडक झालेलं असतं. जुने टायर जपून ठेव, रस्त्यावर नवे चढव. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्यामुळे सिलेंडर आतून गंजतात. त्या काळच्या आपल्या दोघांच्याही गाड्यांना ब्रेकचं सर्किट एकच, त्यामुळे एक होज फुटला की पेडल थेट तळाला. बीटलचा पेट्रोलचा कापडी विणीचा पाइप तापलेल्या इंजिनापाशीच असतो. तो तडकला तर गाडी पेटते, हे या गाडीचं जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं. शिवाय आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. हे पाइप पहिल्या दिवशी बदल.

आणि बॅटरी! बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. त्या सीटमध्ये लोखंडी स्प्रिंगा आणि केसांचं भरण. बॅटरीवरचं झाकण हरवलेलं असेल आणि मागे कोणी वजनदार बसलं, तर स्प्रिंग बॅटरीच्या टोकांना टेकते, ठिणगी पडते आणि भरण पेट घेतं. आजच सीट उचलून बघ.

इंजिन सुरू करायची घाई नको. इतकी वर्षं उभी आहे म्हणतोस, तर आधी पंख्याच्या कव्हरमध्ये उंदरांनी घरटं केलंय का ते बघ. हवेवर थंड होणारं इंजिन ते, वाट अडली तर सिलेंडर भाजून निघतो. मग प्लग काढ, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं पातळ तेल सोड, एक-दोन दिवस मुरू दे, आणि इंजिन हाताने फिरव. पान्याला अडल्यासारखं लागलं तर जोर करू नकोस, पुन्हा तेल सोड. जुनं ऑइल आणि टाकीतलं आंबलेलं पेट्रोल उतरवल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही.

रंगाचं म्हणशील, तर कारखान्यातला रंग सगळा मिळून साधारण दशांश मिलिमीटरभर जाड. पॉलिशच्या यंत्राने आणि रबिंग कंपाउंडने त्यातलाच थर उतरतो. कडांवर तर क्षणात पत्रा उघडा पडतो. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, मग मेण. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघ. रंग पांढुरका पडलेला वाटतो त्यातला बराचसा नुसता वरचा मळ असतो, खालून मामांच्या वेळचा रंग वर येईल. छताच्या अस्तराला मात्र पाणी लावू नकोस. मऊ ब्रश आणि हलका व्हॅक्यूम पुरे. जिथे गंज धरलाय तिथे तेवढीच जागा थोपव.

रिस्टोरेशनला माझा सरसकट विरोध नाही. दाराखालचे, गरम हवा नेणारे हीटरचे बोगदे कुजून गाडीचा आधारच गेला असेल, तर ते कापून नवे जोडावेच लागतील, त्याला इलाज नाही. पण तेवढंच करायचं. एक भाग कुजला म्हणून सगळी गाडी सोलायची गरज नसते, आणि गॅरेजवाल्याला हे निक्षून सांगावं लागतं, कारण त्याला सगळं नवं करून देणं सोपं पडतं.

मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर चासी नंबर ठोकलेला आहे. जनरेटरच्या स्टँडखाली इंजिन नंबर आहे. दोन्ही उतरवून घे. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला असलेलं फोक्सवॅगनचं ऑटोम्युझियम चासी नंबरवरून गाडी कधी बनली आणि कुठल्या रंगात निघाली याचा दाखला देतं. माझ्या मायनरचा दाखला मी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून आणवला, आणि त्यावरचा रंग गाडीच्या अंगावरच्या रंगाशी जुळला तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हा गॅरेजची तारीख पुढे ढकल. काहीही खोलण्याआधी सगळ्या गाडीचे फोटो काढ: काचांच्या कोपऱ्यांतले शिक्के, वायरिंगची जोडणी, बोल्टांची डोकी, गालिच्याखालचा पत्रा. मामांची सर्व्हिसची पुस्तकं आणि पावत्या कपाटात असतील तर मामींना विचारून त्याही मागून घे. फोटो पाठव, मी एकेक बघून लिहितो. पुढच्या महिन्यात सवड काढून येतोच आहे. येताना ग्रीस गन आणि ब्रेकचे होज घेऊन येईन, टायरचं माप 5.60-15 आहे का ते तेवढं बघून कळव.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला आशीर्वाद.

तुझा,
शरद